गच्चीवर एका तारेपुरती जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या अंकात आपत्ती व्यवस्थापनाच्या आढावा बैठकांच्या बातम्या येऊ लागतात. नाले, पंप, बोटी सगळ्याची मोजदाद होते. त्यात हौशी रेडिओचालकांचा, म्हणजे हौसेखातर परवाना घेऊन रेडिओ संचावरून दूरच्यांशी संपर्क साधणाऱ्या हॅम मंडळींचा आणि त्यांच्या अँटेनांचा उल्लेख मला कधी वाचायला मिळाला नाही. म्हणून हे पत्र.

मी डोंबिवलीत राहते. १९७९ साली तारखात्यात लागले. पहिली नेमणूक रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान तारऑफिसात. तिथे ‘कट्ट कडकट्ट’ कानात बसलं ते आजतागायत. जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली. त्या दिवशी घरात कोणी गेल्यासारखं वाटलं, हे मी आजही सांगते. निवृत्तीनंतर हौशी रेडिओच्या परवान्यासाठी दूरसंचार विभागाची परीक्षा दिली. बारा वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते. वरच्या दर्जासाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे तारेची तीच ‘कट्ट कडकट्ट’ लिपी, घ्यावा आणि पाठवावा लागतो. पोलिसांकडून रीतसर चौकशी होऊन २०१८ साली परवाना हातात आला.

परवाना आला, पण अँटेना लावायची कुठे? आमची इमारत तळमजला अधिक चार मजल्यांची, मी तिसऱ्यावर. गच्चीला कुलूप आणि किल्ली सेक्रेटरींकडे. २०१९ मध्ये परवान्याची प्रत जोडून अर्ज दिला. सर्वसाधारण सभेत कोणी म्हणालं टीव्ही बिघडेल, कोणी म्हणालं लिफ्ट बंद पडेल, एका काकांनी कॅन्सरचं नाव घेतलं. अर्ज नामंजूर झाला. माझा संच जास्तीत जास्त १० वॉटवर चालतो, तोही दिवसातून तासभर, हे सांगायला उभी राहिले तोवर पुढचा विषय सुरू झाला होता.

मग जे काही करायचं ते अकरा फुटांच्या बाल्कनीतच करायचं ठरवलं. १४५ मेगाहर्ट्झची अँटेना सोपी, कारण तिला लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी तार लागते आणि ती तिथे जेमतेम अर्धा मीटर भरते. सायकलच्या दुकानातून जाड तार आणली, एका सॉकेटवर एक तुकडा उभा जोडला आणि चार तुकडे छत्रीच्या काड्यांसारखे खाली वाकवून बसवले. प्लॅस्टिकच्या नळीवर चढवून ग्रिलच्या आत ठेवली, तर अँटेना संचाशी किती जुळते ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा (एकच्या जितका जवळ तितकं चांगलं) तीनच्या वर. सगळीकडून लोखंडी ग्रिल, अँटेना जणू पिंजऱ्यात. कपडे वाळत घालायच्या दांडीला नळी बांधून दोन फूट बाहेर काढली तेव्हा काटा दीडवर आला. इमारतीतली दोन मुलं शाळा सुटल्यावर माझ्याकडे येतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना कधी कधी १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवतं. नुसता किरकिराट ऐकू येतो आणि मोबाईलवर एकेक ओळ उमटत चित्र तयार होतं. ते पाहताना मुलांनी श्वास रोखून धरलेला असतो.

दूरच्या संपर्कासाठी १४ मेगाहर्ट्झ. तिथे दोन्ही बाजूंना पाच पाच मीटर तार हवी. गळ टाकायची पाच मीटरची घडीची काठी आणली, फायबरची. (कार्बनची चालत नाही, कार्बन विजेचा वाहक आहे.) पंखे रिवाइंड करणाऱ्याकडून इनॅमलची बारीक तार घेतली. सव्वापाच मीटर कापून काठीला बांधली, काठी ग्रिलच्या खिडकीतून तिरकी बाहेर. दुसरा तेवढाच तुकडा हॉलमध्ये भिंतीच्या कडेने फरशीवर. मग दोन दोन सेंटिमीटर कापत आणि मीटर बघत बसले. तीन संध्याकाळी गेल्या, १.६ वर थांबले. खाली पार्किंग आहे, कोणाच्या डोक्यावर काठी पडू नये म्हणून नायलॉनची दोरी ग्रिलला दोन ठिकाणी बांधलेली असते. दिवेलागणीला काठी बाहेर काढते, झोपण्यापूर्वी आत घेते. ढग दाटले की बाहेर काढतच नाही. तिसऱ्या आठवड्यात मोर्सवर ओमानहून उत्तर आलं. पाच वॉटवर! कागदावर उतरवून घेताना हात थरथरत होता.

पण या पत्राचा खरा विषय पुढे आहे.

माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. भावाचं घर बाजारपेठेजवळ, खालच्या मजल्यावर. पहाटे त्याचा एक फोन आला, ‘पाणी पायरीला लागलंय,’ आणि नंतर सगळे नंबर बंद. मी संच लावून बसले. बसून काय उपयोग, हे मला तेव्हाही माहीत होतं. १४५ मेगाहर्ट्झची लहर सरळ रेषेत जाते. मधे डोंगर, अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. १४ मेगाहर्ट्झची लहर आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परतते ती शेकडो किलोमीटर पलीकडे उतरते. माझ्या बाल्कनीतून ओमान लागतं आणि चिपळूण लागत नाही. चिपळुणात कोणी संच उभा केला असता, तरी मला तो ऐकू आला नसता. दुसऱ्या दिवशी दुपारी भाच्याचा फोन आला तोवर मी त्या स्टुलावरून उठले नव्हते.

कोकण, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्र दिवसा गाठायचं तर लागतो ७ मेगाहर्ट्झचा पट्टा. ही लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि परतून आसपासच्या तीन-चारशे किलोमीटरवर पाऊस पडावा तशी पसरते. डोंगर आड येत नाहीत. पण तिला हवी वीस मीटर तार. ती बाल्कनीत मावत नाही, ती गच्चीवरच लागते. पाण्याच्या टाकीवर मधला जोड आणि दोन्ही टोकं दोऱ्यांनी कठड्याला, एवढंच. टोकांना हात लागू नये म्हणून ती सात-आठ फूट उंच ठेवायची. गच्चीवर आणखी एक फायदा असतो. आमच्या घरांतले एलईडी दिवे, चार्जर, लिफ्टची मोटर यांचा एवढा गोंगाट रेडिओत भरतो की मंद सिग्नल बुडून जातो. दुरुस्तीसाठी भागातली वीज बंद ठेवतात तेव्हा संच बॅटरीवर लावून पाहावा, इतकं स्वच्छ ऐकू येतं की लोक शेजारच्या खोलीत बोलत असावेत.

डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद या हॅम आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. बाकी संपर्क तुटला असताना त्यांच्या संचांवरून माणसांचे निरोप मुख्य भूमीवर पोचले. त्यांच्या अँटेना आधीच उभ्या होत्या म्हणून ते जमलं. पाणी शिरल्यावर सभा बोलावून ठराव कोण करणार?

माझी विनंती गृहनिर्माण संस्थांना आणि सहकार खात्याला आहे. परवानाधारकाला गच्चीवर एका तारेची परवानगी द्यावी. अटी जरूर घाला: परवान्याची प्रत, अभियंत्याची पाहणी, वॉटरप्रूफिंगच्या वेळी स्वखर्चाने तार उतरवणं, कोणाच्या टीव्हीत अडथळा आला तर प्रसारण थांबवणं. मी सगळ्या लिहून द्यायला तयार आहे. सहकार खात्याने एक स्पष्ट परिपत्रक काढलं, तर दर सभेत तेच तेच समजावत बसावं लागणार नाही. मोबाईलच्या टॉवरसाठी गच्च्या भाड्याने जातात. वीस मीटर तारेला तिथे कोपरा मिळायला हरकत नसावी.

येत्या वार्षिक सभेत मी पुन्हा अर्ज ठेवणार आहे. या वेळी सोबत बाल्कनीतला संच आणि बॅटरी खाली आवारात नेईन, शक्ती सभासदांसमोर मोजून दाखवीन. ती दोन मुलंही येणार आहेत. त्यांच्यातली मोठी परवा बारा वर्षांची झाली आणि परीक्षेचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारून गेली.

आपली,
एक निवृत्त तारकर्मचारी
डोंबिवली (पूर्व)