नदीकाठची मातीची दरड राखावी

महोदय,

गेली सहा वर्षे मी दहिसर नदीच्या काठाने रोज सकाळी फिरायला जातो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात उगम पावणारी ही नदी वस्तीत शिरताच काळवंडते, हे खरे. तरीही तिच्या काठावर खंड्या, वंचक, तुतवार आणि थंडीत शेपटी हलवत फिरणारा धोबी हे पक्षी मला दिसत आले आहेत. मागच्या आठवड्यात मुंगसाची मादी दोन पिलांना घेऊन दगडांच्या फटीत शिरली, तेव्हा मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

मात्र काठावर काँक्रीटची भिंत जसजशी पुढे सरकते आहे, तसतसे खंड्याचे दर्शन दुर्मीळ होत चालले आहे. हा पक्षी झाडावर घरटे बांधत नाही; मातीच्या उभ्या दरडीत आडवे बीळ खोदून त्यात अंडी घालतो, त्यामुळे दरड गेली की आसपास कितीही झाडे लावली तरी त्याला घर उरत नाही. 26 जुलै 2005 चा पूर आम्ही अनुभवला आहे आणि घरांना लागून संरक्षक भिंत हवीच, याबद्दल माझे दुमत नाही. पण जिथे घरे नाहीत, तिथे मातीचा काठ तसाच ठेवावा आणि पावसाळ्यापूर्वी गाळ काढताना बिळे असलेल्या दरडींना यंत्राचा धक्का लागू देऊ नये, अशी संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, दहिसर