जुन्या ट्रॅक्टरला नांगर जोडताना

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हरभरा निघाला की आमच्या पूर्णेच्या खोऱ्यात नांगरटीची आणि तिच्यासोबत नवा नांगर घेण्याची घाई सुरू होते. ज्यांच्या दारात अजून इंटरनॅशनल बी-२७५ किंवा एचएमटीचा झेटर २५११ यांसारखा जुना ट्रॅक्टर उभा आहे, असे शेतकरीही दुकानात जाऊन ‘इतक्या एच.पी.ला कोणता नांगर चालेल?’ एवढेच विचारतात. हा प्रश्न अपुरा आहे, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो, म्हणून हे पत्र.

वडिलांच्या वेळचा आमचा बी-२७५ साधारण ३५ अश्वशक्तीचा. तालुक्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने त्याच आकड्यावर मला १२ इंची दोन फाळी पलटी नांगर (फाळ उलटवून माती हव्या त्या बाजूला पाडणारा) दिला. शेतात पहिल्याच तासाला (नांगराच्या पहिल्या ओळीला) मागची चाके जागेवर फिरू लागली, धुऱ्यावर नांगर उचलताना पुढची चाके अधांतरी झाली, आणि आठवडाभरात क्लच प्लेट जळाली. ट्रॅक्टर म्हातारा झाला, असे गावाने ठरवून टाकले. दोष मात्र जोडीत होता.

हिशेब साधा आहे. १२ इंची दोन फाळ म्हणजे सुमारे ६० सें.मी. रुंदी, २० सें.मी. खोल नांगरले तर १२०० चौरस सें.मी. माती एका वेळी कापली जाते. वाळून घट्ट झालेल्या भारी काळ्या मातीत दर चौरस सें.मी.ला एक किलोच्या आसपास ओढ लागते, म्हणजे एकूण १२०० किलो. दीड-पावणेदोन टनांचा ट्रॅक्टर भुसभुशीत रानात आपल्या वजनाच्या जेमतेम निम्म्याइतकी ओढ देतो, मग इंजिन कितीही ठणठणीत असो. तेव्हा इंजिनाच्या आधी वजन कमी पडते, आणि वजनाबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही. १४ इंची एक फाळ लावला तर हीच ओढ ७०० किलोवर येते. वेळ जास्त लागतो, हे खरे. पण ट्रॅक्टर घसरत नाही. हरभऱ्यामागे जमिनीत थोडी ओल असतानाच नांगर घातला तर ओढ आणखी कमी होते. एप्रिलपर्यंत थांबले की ढेकळे दगडासारखी निघतात.

दुसरी बाब जोडणीची. नांगर ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांना, म्हणजे खालच्या दोन लिंक आणि वरची एक टॉप लिंक यांना, पिनांनी जोडतात. जुन्या लहान ट्रॅक्टरांच्या खालच्या लिंकची पिन २२ मि.मी.ची आणि टॉप लिंकची १९ मि.मी.ची असते, तर मोठ्या ट्रॅक्टरांसाठी केलेल्या नांगरांना २८ आणि २५ मि.मी.च्या पिना लागतात. बुश (फट भरणारी धातूची नळी) न घालता बारीक पिन मोठ्या छिद्रात अडकवली की नांगर खेळतो, तास वाकडे जातात आणि पिन बसते ते नांगराचे कान फाटतात. हायड्रॉलिक पलटीला, म्हणजे तेलाच्या दाबाने उलटणाऱ्या पलटी नांगराला, तेलाची वेगळी जोडणी लागते, ती अनेक जुन्या ट्रॅक्टरांना मुळातच नसते. शिवाय तीन-चारशे किलोंचा तो नांगर इतका मागे लोंबतो की पुढे वजन टांगल्याशिवाय स्टीअरिंग हाती राहत नाही.

घेण्याआधी शेजाऱ्याचा नांगर एक दिवस मागून आणावा. मागच्या टायरवर खडूची खूण करून नांगर उचललेला असताना चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जाते ते मोजावे, आणि तेच नांगर जमिनीत घालून पुन्हा मोजावे. ४० मीटरचे ३४ मीटरपेक्षा कमी भरले, म्हणजे घसरण शेकडा १५च्या वर गेली, तर तो नांगर त्या ट्रॅक्टरचा नाही.

माझी मागणी मोठी नाही. खताच्या पोत्यावर वजन आणि घटक छापलेले असतात, तसे प्रत्येक नांगरावर त्याचे वजन, कापण्याची रुंदी आणि पिनेचा आकार ठळक मराठीत लिहिणे विक्रेत्यांना बंधनकारक करावे, आणि अवजारांच्या अनुदानात ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीबरोबर त्याचे वजनही विचारले जावे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती