हरिहरेश्वर प्रदक्षिणा: रविवारी पहाटे, वेळ पाळाच

मंडळी, शनिवारी हरिहरेश्वरला मुक्काम आणि रविवारी पहाटे प्रदक्षिणेची वाट, हे नक्की झालंय. रविवारी सकाळी ठीक सहाला काळभैरव मंदिरासमोर जमायचं. शनिवारी पौर्णिमा आहे म्हणजे उधाणाची भरती-ओहोटी, पाणी जेवढं खाली जातं तेवढंच वरही चढतं, रविवारी साधारण पावणेसातला पूर्ण ओहोटी असेल आणि बाराच्या पुढे पूर्ण भरती. आपण आठच्या आत वर आलेलो असलो पाहिजे. उशीर झाला तर त्या माणसासाठी थांबणार नाही, प्लीज राग मानू नका.

खडकातल्या अरुंद फटीतून पायऱ्या उतरल्या की थेट समुद्राच्या कातळावर येतो. डावी-उजवीकडची जाळीदार नक्षी लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झालेली आहे, ती निवांत बघा पण पाठ कड्याकडे आणि तोंड पाण्याकडे ठेवून. इथे लाटेने ओढून नेल्याच्या दुर्घटना झाल्यात.

- ग्रिपवाले बूट घाला, चप्पल नको. हिरवं शेवाळ बुळबुळीत असतं आणि कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात
- ओल्या, काळ्या दिसणाऱ्या खडकापलीकडे कोणी जायचं नाही, सेल्फीसाठी तर अजिबात नाही
- लहान मुलांचा हात सोडायचा नाही
- टॉर्च, पाणी, कोरडा टॉवेल सोबत

समुद्र खवळलेला दिसला किंवा गावातल्या कोणी नको म्हटलं तर वाट कॅन्सल, मग बीचवर चालू. येणाऱ्यांनी बुधवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका, खोल्या सांगायच्यात.