नाव इंदूरला, मुलगा पुण्याला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण मतदानाला येत नाहीत, ही ओरड प्रत्येक निवडणुकीनंतर ठरलेली. मग पुढच्या वेळी शाळांतून रांगोळ्या, प्रभातफेऱ्या, शपथा. पण पुष्कळ तरुणांचे मत त्या दिवसाच्या कित्येक महिने आधी, अर्जातच अडकलेले असते.

इंदूरच्या लोकमान्य नगर, तिलक नगर, रामबाग इथल्या मराठी घरांतली मुले शिक्षण झाले की पुण्याला, नाहीतर बंगळुरूला जातात. नाव मात्र इंदूरच्या यादीत. ‘राहू दे, घरचं आहे ते’ असे आई-वडीलच म्हणतात. १३ मे २०२४ रोजी इंदूर आणि पुणे, दोन्हीकडे लोकसभेचे मतदान एकाच दिवशी होते. म्हणजे मुलगा पुण्यात सुट्टी घेऊन खोलीवर आणि मत इंदूरच्या यादीत. ना इकडचे, ना तिकडचे. वर्षातले दहा-अकरा महिने जो पुण्यात काढतो, त्याने नाव पुण्यालाच न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. कायदाही ‘सामान्यतः जिथे राहतो’ तेच ठिकाण धरतो. त्याने घराशी नाते तुटत नाही.

नाव हलवताना सर्रास होणारी चूक म्हणजे पुण्यात नवा फॉर्म ६ भरणे. तो फक्त पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यासाठी. पत्ता बदलला तर फॉर्म ८, मतदारसंघ बदलला असला तरी. त्याच मतदारसंघातल्या पत्ताबदलाचा जुना फॉर्म ८-अ १ ऑगस्ट २०२२ पासून बंद झाला आहे. फॉर्म ८ भरला की ओळखपत्राचा क्रमांक तोच राहतो. फॉर्म ६ दुसऱ्यांदा भरला तर नाव दोन ठिकाणी चढू शकते, आणि त्यात केलेली खोटी घोषणा हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. मुलांना हे कुणी सांगतच नाही.

नव्या मतदारांसाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत, म्हणजे त्या तारखेला अठरा पूर्ण हवीत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. २० ऑगस्टला अठरा पूर्ण होणाऱ्या मुलीचे नाव १ ऑक्टोबरच्या हिशोबाने लागते, पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. अर्ज फुकट आहे, निवडणूक आयोगाच्या अ‍ॅपवर किंवा बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी) भरता येतो. फोटो साडेचार बाय साडेतीन सेंटिमीटर, पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चेहरा समोरून. वयासाठी दहावीची मार्कशीट, जन्मदाखला किंवा आधार. पत्त्यासाठी आधार, पासबुक किंवा विजेचे बिल.

इथवर सोपे. खरी गडबड नावात होते. इंग्रजीत नाव टंकले की संगणक हिंदी नाव आपोआप भरतो. साठे यांचे साथे होतात, डांगे यांचे दांगे, आणि काळे तर काले होणारच. त्यातून आधारवर मधले नाव वडिलांचे आणि मार्कशीटवर नुसते नाव-आडनाव असले, तर पडताळणीत प्रश्न निघतो. ‘सबमिट’ दाबण्याआधी हिंदी रकाना वाचा आणि हाताने दुरुस्त करा. यादीत नाव शोधताना ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधा. नावावरून शोधले तर हमखास ‘नाव नाही’ असे उत्तर येते आणि घरात घबराट.

अर्जाचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. बीएलओ पडताळणीला येतो तेव्हा घराला कुलूप असले की अर्ज रेंगाळतो, म्हणून शेजाऱ्याला सांगून ठेवा. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला गावचे किंवा वसतिगृहाचे, यांपैकी एक ठिकाण निवडता येते. त्यासाठी प्राचार्यांचे किंवा कुलसचिवांचे प्रमाणपत्र लागते, आणि अभ्यासक्रम मान्यताप्राप्त व किमान एक वर्षाचा असावा लागतो. इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या नुसत्या कोचिंगच्या पावतीवर ही सोय मिळत नाही. उमेदवारी अर्जाची मुदत संपली की यादीत काहीही बदल होत नाही. त्याच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचला नाही, तर ती निवडणूक हुकली असेच समजा.

‘मत देऊन काय होतं?’ या प्रश्नाला इंदूरात २०२४ चे उदाहरण तयार असते. काँग्रेस उमेदवाराने माघार घेतली आणि ‘नोटा’ला (वरीलपैकी कोणीही नाही) २,१८,६७४ मते पडली. ती मोजली गेली, निकालावर परिणाम शून्य. लोकसभेला नोटा पहिल्या क्रमांकावर आला, तरी सर्वाधिक मतांचा उमेदवारच निवडून येतो. राग दाखवण्यापलीकडे काही हवे असेल, तर तरुणांनी आपल्या वॉर्डापासून सुरुवात करावी. इंदूर महापालिकेचे ८५ वॉर्ड, मागचे मतदान ६ जुलै २०२२ रोजी झाले, म्हणजे पुढचे २०२७ मध्ये अपेक्षित. त्यासाठीची यादी राज्य निवडणूक आयोग वेगळी काढतो. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका, वॉर्डाची प्रारूप यादी लागली की जाऊन बघा.

मतदानाचे वय एकवीसवरून अठरा झाले ते मार्च १९८९ मध्ये. त्याच वर्षी सुमित्राताई महाजन इंदूरहून पहिल्यांदा लोकसभेवर गेल्या. तेव्हा अठराव्या वर्षी पहिले मत देणारे आज पंचावन्नच्या घरात आहेत, आणि पुण्यात बसलेली मुले त्यांचीच. फॉर्म ८ भरायला मुलांच्या मागे त्यांनीच लागावे.

गणेशोत्सव १ ऑक्टोबरच्या तारखेआधी, ऑगस्ट-सप्टेंबरात येतो. मराठी मंडळांनी मंडपात एक टेबल, दोन लॅपटॉप आणि त्या भागाचा बीएलओ एवढी सोय संध्याकाळी दोन तास केली, तर रांगोळी स्पर्धेपेक्षा जास्त नावे लागतील. आपल्या वृत्तपत्रानेही वर्षातून चार वेळा, प्रत्येक पात्रता तारखेच्या महिनाभर आधी, पहिल्या पानावर एक चौकट द्यावी : तारीख, कोणाला कोणता फॉर्म आणि मतदार हेल्पलाइन १९५०.

आपले,
काही वाचक, इंदूर