आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या डॉक्टरांचे आभार

डॉक्टर, तुमचं नाव लिहीत नाही कारण तुम्हाला ते आवडणार नाही, पण गावातल्या सगळ्यांना कळेलच.

गणेश चवथीच्या आदल्या दिवशी गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधताना बाबांना दरदरून घाम फुटला, डावा हात भरून आला, आणि बाहेर पाऊस असा की वाळपईला जायचा रस्ता झाड पडून बंद. तुमचं क्लिनिक बंद झालं होतं, तुमच्या घरीही चवथ, तरी एका फोनवर तुम्ही दार उघडलंत. लगेच ईसीजी काढलात, अ‍ॅस्पिरिन चावून खायला दिलीत, १०८ ची रुग्णवाहिका बोलावलीत आणि बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) स्वतः फोन करून सगळं सांगून ठेवलंत.

आई नुसती रडत होती, तर तुम्ही तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसलात, बाबांच्या शुगरच्या गोळ्या कुठल्या ते हळूहळू विचारलंत आणि दिलेल्या औषधाची वेळ लिहून तो कागद ईसीजीसकट माझ्या हातात दिलात. तिकडे पोचल्यावर पहिल्यांदा तोच कागद मागितला हो!

खेड्यात एकट्यानं प्रॅक्टिस करणं सोपं नाही, तापापासून साप चावल्यापर्यंत सगळं तुमच्याच दारात, सुट्टी घ्यायची तर बदली माणूस नाही, नवीन पोरं इकडे राहायला बघत नाहीत. म्हणून तुम्ही आहात याचं मोल आम्हाला फार आहे.

कोयते घेऊन झाड तोडणारे वाड्यावरचे पोरगे आणि १०८ चे ड्रायव्हरदादा, तुमचेही खूप खूप आभार. बाबा आता घरी आहेत, बीपी दाखवायला तुमच्याकडेच येणार म्हणतात.