‘कलाप्रकार (कोणताही एक)’

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

अनुदानाचा अर्ज भरताना मी एका रकान्यापाशी अडले. ‘कलाप्रकार (कोणताही एक).’ माझ्या कामात आईच्या शिलाई मशीनचा आवाज आहे, तिच्याकडे उरलेल्या चिंध्यांची एक भिंत आहे आणि त्या भिंतीसमोर बसून मी तिची मापांची वही वाचते. ‘छाती ३४, बाही आखूड, पैसे बाकी.’ हे चित्रकलेत घालू, संगीतात की नाटकात? शेवटी ‘दृश्यकला’वर खूण केली. अर्ज शेरा मारून परत आला : ‘ध्वनीचा खर्च या प्रकारात अनुज्ञेय नाही.’ म्हणजे मशीन चालवायचं, पण मुक्यानं!

हा घोळ माझ्या एकटीचा नाही. चिनी कलावंत सोंग डोंग यांनी 2005 मध्ये आईनं आयुष्यभर साठवलेल्या दहा हजारांहून अधिक वस्तू प्रदर्शनात मांडल्या. टूथपेस्टच्या रिकाम्या ट्यूबा, बाटल्या, कपडे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर खचलेली ती माउली स्वतः त्या मांडणीत राबली. त्यांना हा रकाना कसा भरता आला असता, मला खरंच कळत नाही.

युनेस्कोच्या 2003 च्या करारानं हातातलं कौशल्य आणि पिढीजात ज्ञान यांनाही वारसा मानलं. आपल्या भाषणांत तो शब्द वरचेवर येतो. पण अर्जात वारसा म्हटला की जुनी इमारत नाहीतर जुनी मूर्ती. कापडावर नुसती वीत ठेवून माप सांगणारी बाई त्यात कुठेच नसते.

मागणं फार नाही. पहिलं, त्या रकान्यातला ‘कोणताही एक’ हा कंस काढा आणि छाननीला निरनिराळ्या कलांतली माणसं एकत्र बसवा. दुसरं जरा मोठं आहे : कलावंतांना सरकारच्याच इतर खात्यांत पाठवा. मर्ल लेडरमन युकेलीस 1977 पासून न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात निवासी कलावंत होत्या. 1979-80 मध्ये त्यांनी जवळपास साडेआठ हजार सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केलं आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानले. तेच त्यांचं काम, तीच कलाकृती. पगार मात्र खात्यानं दिला नाही. तेवढा भाग कृपया गिरवू नका.

पाणीपुरवठा, टपाल, रुग्णालय, नोंदणी कार्यालय... रोजचं जगणं तिथं फायलींत पडून आहे. ते ऐकायला, लिहायला, शिवायला माणूस बसवा, वर्षभर, आणि शेवटी उद्घाटनाची फीत मागू नका. काही हाती लागेल, काही वाया जाईल. आईच्याही कापडात दर वेळी थोडं वाया जायचंच, आणि माझी भिंत त्याचीच आहे.

सोबत मापांच्या वहीतल्या एका पानाची प्रत जोडली आहे, नावं झाकून. ती कोणत्या टेबलावर जाईल, हे आपल्या कार्यालयानं कळवावं.

आपली,
एक अर्जदार