ऊसतोड टोळ्यांची यादी आरोग्य केंद्राकडेही द्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ऊसगाळपाच्या हंगामापूर्वी ज्या बैठका होतात, त्यांत एफआरपी (उसाचा किमान रास्त दर), तोडणी-वाहतुकीचे दर, मुकादमांनी (टोळीच्या कंत्राटदारांनी) बुडवलेली उचल म्हणजे आगाऊ रक्कम आणि रस्त्यांवरील ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे अपघात या विषयांवर भरपूर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून येऊन पाच-सहा महिने करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले, शिरोळच्या शिवारांत राहणाऱ्या तोडकरी कुटुंबांना ताप आला, बाळंतपण आले किंवा लहान मुलाच्या लसीची तारीख आली तर त्यांनी कोणाकडे जायचे, हा विषय त्या बैठकांत निघाल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही. ग्रामीण भागात आरोग्य सहायक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. त्या अनुभवाच्या आधारे एक व्यवहार्य सूचना आपल्या वृत्तपत्राद्वारे मांडू इच्छितो.

सपाट प्रदेशात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका, असे शासनाचे प्रमाण आहे. ही लोकसंख्या म्हणजे त्या गावात कायम राहणारी माणसे. तोडकऱ्याचे नाव त्याच्या मूळ गावच्या कुटुंब नोंदवहीत असते आणि हंगामात तिथल्या घराला कुलूप असते. तिकडची आशाताई घरभेटीला जाते तेव्हा तिला कुलूप दिसते, आणि इकडच्या आशाताईच्या वहीत ते घरच नसते. आशांना मोबदला मिळतो तो बव्हंशी नोंदलेल्या कामावर, त्यामुळे यादीबाहेरच्या पालांवर रोज जाण्याची अपेक्षा तिच्याकडून करणेही फारसे न्याय्य नाही. दोष कोणा एका कर्मचाऱ्याचा नाही. स्थिर गावासाठी आखलेल्या व्यवस्थेत फिरत्या माणसाला जागाच ठेवलेली नाही.

याचा परिणाम कसा होतो ते एका कार्डावरून सांगतो. गेल्या हंगामात पन्हाळा तालुक्यातील एका गावाच्या वेशीबाहेरच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) एका गरोदर बाईने पत्र्याच्या पेटीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेले माता-बाल संरक्षण कार्ड काढून मला दाखवले. तिच्या गावच्या उपकेंद्रातील दोन तपासण्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख, वजन आणि हिमोग्लोबिन अशा सर्व नोंदी आरोग्यसेविकेच्या सुवाच्य अक्षरात होत्या. दिवाळीनंतरचे रकाने मात्र कोरे होते. तिला सातवा महिना होता आणि पायांवर सूज होती. लोहाच्या गोळ्या संपून किती दिवस झाले ते तिला सांगता आले नाही. गरोदरपणात किमान १८० दिवस लोहाच्या गोळ्या घ्यायच्या असतात, आणि रक्तदाब व लघवीतील प्रथिने तपासण्याची खरी निकड शेवटच्या तीन महिन्यांत असते, कारण झटके येण्यापर्यंत मजल जाणारा आजार बहुधा तेव्हाच डोके वर काढतो. नेमक्या त्या काळात ही बाई आरोग्य केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर राहत होती आणि त्या केंद्राला ती तिथे असल्याचे ठाऊक नव्हते.

ठाऊक असते तरी ती गेली असती का, हा पुढचा प्रश्न आहे. टोळी पहाटे अंधारातच फडात जाते. बाह्यरुग्ण विभाग सुरू असतो तेव्हा मोळ्या बांधण्याचे आणि गाडी भरण्याचे काम ऐन भरात असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळे बाई दवाखान्यात गेली की कोयता अर्धा होतो आणि खाडा पडला म्हणून उचलीच्या हिशेबातून पैसे कापले जातात. मग दुखणे अंगावर काढले जाते, आणि अगदीच असह्य झाले की रात्री जवळच्या खासगी दवाखान्यात ‘एक सुई मारा’ म्हणून रोख पैसे देऊन वेळ निभावली जाते. (बैल लंगडला तर मात्र त्याच दिवशी जनावरांचा डॉक्टर फडावर येतो. बैल थांबला की गाडी थांबते, हे सर्वांना समजते.)

अंगावर काढलेली दुखणी कुठे जातात, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे गरिबी, खाड्याची भीती आणि काही डॉक्टरांचा लोभ होता. तसेच पांढरे जाणे, जंतुसंसर्ग, अतिरक्तस्राव यांसारखी प्राथमिक पातळीवर बरी होऊ शकणारी दुखणी वर्षानुवर्षे उपचाराविना राहिली, हेही त्यामागचे कारण आहे. शासनाच्या विमा योजनांतून ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, परंतु ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याची वेळच येऊ नये म्हणून जी सेवा लागते, ती प्राथमिक आरोग्य केंद्राने आणि गावाने मिळूनच द्यावी लागेल.

हे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांना मी पल्स पोलिओची आठवण करून देतो. त्या मोहिमेच्या सूक्ष्म नियोजनात वीटभट्ट्या, साखर कारखान्यांचे गाडीतळ (बैलगाडीवाल्या टोळ्यांच्या मुक्कामाच्या जागा), बांधकामे आणि भटक्यांची पाले यांची स्वतंत्र नोंद असे आणि डोस चुकलेल्या घरांना पुन्हा भेटी दिल्या जात. मार्च २०१४ मध्ये भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला, त्याला ही चिकाटीही कारणीभूत आहे. म्हणजे दोन थेंबांसाठी आपली यंत्रणा कोपीपर्यंत पोहोचू शकते. तीच वाट रक्तदाबाच्या यंत्रासाठी आणि लोहाच्या गोळ्यांसाठी पोलिओचा रविवार संपला की का बंद व्हावी?

आता माझी मुख्य सूचना. टोळी कुठे उतरली आहे याची बिनचूक माहिती एका यंत्रणेकडे रोजच्या रोज असते, आणि ती म्हणजे कारखान्याचा शेती विभाग. तोडणीच्या करारात मुकादमाचे नाव, गाव आणि कोयत्यांची संख्या असते. कोणती टोळी आज कोणाच्या फडात आहे आणि उद्या कुठे जाणार, हे गावातल्या चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तोडणीवर देखरेख करणाऱ्या माणसाला, तोंडपाठ असते, कारण तोडीची चिठ्ठी त्याच्याच हातून जाते. ही माहिती आज फक्त ऊस वेळेवर कारखान्याच्या गव्हाणीत पडावा एवढ्यासाठी वापरली जाते. कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला टोळ्यांची यादी, कुटुंबातील गरोदर महिला, सहा वर्षांखालील मुले आणि नियमित औषध चालू असलेल्या व्यक्तींच्या संख्येसह, संबंधित प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी आणि टोळीने मुक्काम हलवला की चिटबॉयने आशाताईला फोनवर कळवावे. यासाठी इमारत लागत नाही, नवे पदही लागत नाही. आजाराचे नाव आणि इतर वैयक्तिक तपशील आरोग्य कर्मचाऱ्यानेच विचारावेत. ते मुकादमाच्या हाती जाता कामा नयेत, कारण आजारी बाईचा कोयता पुढच्या वर्षी धरला न जाण्याचा धोका खरा आहे.

यादी हाती आल्यावर आठवड्यातून एकदा सायंकाळी गाडीतळावर किंवा मोठ्या मुक्कामाच्या जागी आरोग्यसेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी यांनी बसावे. जागेचा प्रश्न आपल्याकडे तरी येऊ नये. गावोगावच्या दूध संस्थांना इमारत आहे, वीज आहे, आणि संध्याकाळचे संकलन आटोपल्यावर ती जागा मोकळी असते. ज्या जिल्ह्यात सकाळ-संध्याकाळ घराघरातील लिटर-दोन लिटर दुधाचा हिशेब ठेवणारी सहकारी व्यवस्था उभी राहिली, त्या जिल्ह्यात काही गरोदर महिलांच्या तपासणीचा हिशेब ठेवणे जड जाण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीने पिण्याच्या पाण्याची टाकी, त्यात पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर आणि महिलांसाठी तात्पुरती शौचालये एवढे पाहावे; ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती कागदावर प्रत्येक गावात आहेच.

शिबिरांबद्दल स्पष्ट लिहितो. सध्या जे होते ते बहुधा एक दिवसाचे शिबिर असते. मंडप, फलक, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, रक्तदाब मोजण्याचे छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बातमी. ज्याचा रक्तदाब वाढलेला निघाला त्याला पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, आणि सोळाव्या दिवशी त्याने काय करायचे हे कोणी सांगत नाही. संस्थांचा हेतू चांगला असतो, याविषयी शंका नाही. त्यांनी तोच खर्च हंगामभर ठरलेल्या वारी येणाऱ्या एका वाहनावर आणि परिचारिकेवर केला, तर त्याचा उपयोग कितीतरी अधिक होईल.

या कामात टोळीतीलच एक महिला जोडून घ्यावी. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले, तेव्हा अनेक अक्षरओळख नसलेल्या, उपेक्षित समाजांतील स्त्रियांना त्यांनी ग्राम आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांकडून नवजात बालकांची घरोघरी काळजी घेऊन बालमृत्यू किती कमी करता येतात ते दाखवले, आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. जामखेड तर आपल्याकडे येणाऱ्या अनेक टोळ्यांच्या गावांना लागूनच आहे. ताप मोजणे, जलसंजीवनी देणे, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि १०८ क्रमांकावर फोन लावणे एवढे जरी टोळीतल्या एका बाईला शिकवले, तरी सर्पदंश किंवा अडलेले बाळंतपण यांसारख्या प्रसंगी वाया जाणारा वेळ वाचेल. तिला मानधन द्यावे, हे वेगळे सांगायला नको; फुकटच्या सेवाभावावर गरीब बाईला राबवण्याची आपली सवय जुनी आहे.

पैशाचे म्हणाल, तर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ स्थापन झाले आहे आणि त्यासाठी गाळपाच्या उसावर टनामागे १० रुपये कारखान्यांनी व तेवढीच रक्कम शासनाने देण्याची तरतूद आहे. दहा लाख टन गाळप करणाऱ्या एका कारखान्याचे यात एक कोटी रुपये होतात. हा निधी जिथे मजूर हंगामात राहतात त्या जिल्ह्यातील आरोग्य सेवेसाठीही वापरता यावा, असा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींनी धरावा. मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत, असे कारखान्यांकडून सांगितले जाते. करारापुरते ते खरे असेलही, पण ज्यांच्या तोडीवर गाळपाचे आकडे जाहीर होतात त्यांच्याविषयी तसे म्हणणे शोभत नाही. ‘आमच्याच गावाला डॉक्टर पुरत नाही, बाहेरच्यांना कुठून देणार’ असेही काही गावकरी म्हणतात. डॉक्टर कमी आहेत हे मान्य. म्हणूनच केंद्राने हंगामातील वाढीव लोकसंख्या कागदावर दाखवली पाहिजे, कारण नोंद असल्याशिवाय वाढीव औषधसाठा आणि मनुष्यबळ मागता येत नाही.

शाहूवाडी, राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याच्या डोंगरातील धनगरवाड्यांचा प्रश्नही असाच निकडीचा आहे, पण तो अंतराचा आणि रस्त्याचा प्रश्न आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

शेवटी परतीविषयी. क्षयरोगाचे औषध किमान सहा महिने घ्यावे लागते, म्हणजे इथे निदान झालेल्या बहुतेक रुग्णांचा उपचार गावी गेल्यावर पूर्ण व्हायचा असतो. क्षयरुग्णांच्या नोंदीच्या ‘नि-क्षय’ या शासकीय संगणक प्रणालीवर नोंद झालेला रुग्ण दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो आणि लसीकरणाच्या नोंदीच्या ‘यू-विन’मुळे बाळाची लस कुठेही नोंदवता येते, सोय आहे, फक्त ती कोणीतरी वापरली पाहिजे. त्यासाठी पट्टा पडण्याच्या, म्हणजे हंगाम संपण्याच्या, आधी, मुकादमाचा हिशेब सुरू असतानाच, आरोग्यसेविकेने प्रत्येक टोळीतील गरोदर महिला, तान्ही मुले आणि औषधोपचार चालू असलेले रुग्ण यांची कार्डे भरून द्यावीत आणि त्यांची एक यादी संबंधित जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे पाठवावी. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आणि कारखान्यांच्या शेती अधिकाऱ्यांनी यंदा बॉयलर पेटण्यापूर्वी एकत्र बसून निदान दोन-तीन कारखान्यांच्या कार्यक्षेत्रात ही पद्धत सुरू करावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त आरोग्य सहायक
करवीर तालुका, जि. कोल्हापूर